ऐकायचा खटका

गणपती मंडळाच्या स्मरणिकेत जीजीवर चार ओळी छापून आल्या. 'कै. इंदुमती पोतनीस, सेवानिवृत्त टेलिफोन ऑपरेटर, मनमिळाऊ स्वभाव.' मनमिळाऊ नव्हती. उगाच कुणाशी गोड बोलली असं मी पाहिलं नाही. शिकलेल्या लोकांनी तिच्यावर खोटं लिहिलं, म्हणून चौथी शिकलेला मी खरं लिहायला बसलो आहे.

मी जीनगर. आमचे पणजोबा देवासच्या पागेतल्या घोड्यांची खोगिरं शिवत. घोडे गेले, मग आजोबांनी टांग्यांच्या गाद्या केल्या, आणि मी जन्मभर स्कूटर-मोटारींच्या सीटा शिवल्या. कातड्यावरून रेक्झिनवर आलो, बाकी सुई तीच. बायको शारदा जाऊन दीड वर्ष होत आलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण जीजीचं सांगताना तिचं येणारच.

जीजी आमच्या गलीत तिसऱ्या घरात एकटी राहायची. लग्न केलं नाही. सगळा मोहल्ला तिला जीजी म्हणायचा, मराठीही आणि माळवीही. तिची एक सवय आधी सांगतो. दार दोनदा वाजवायची आणि लगेच आमच्याकडे पाठ करून, गलीकडे तोंड करून उभी राहायची. दार सताड उघडं असलं तरी. हातात गरम वाटी असली तरी. आपण 'या' म्हणेपर्यंत वळायची नाही. नव्या माणसाला वाटायचं, बाई रुसून परत चालली.

मी एकदा म्हटलं, "जीजी, आमच्या घरात काय दडवण्यासारखं आहे?"

"ते तुम्ही ठरवायचं. मी नाही," म्हणाली.

देवासचं जुनं एक्सचेंज हाताने चालायचं तेव्हा ती तिथे ऑपरेटर होती. मी एकदा तिथल्या खुर्च्यांच्या गाद्या बदलायला गेलो होतो, तेव्हा पाहिलंय. समोर बोर्ड म्हणजे भोकांची भिंत, कानाला यंत्र. दोरीचं एक टोक एका भोकात, दुसरं दुसऱ्या भोकात, की दोन माणसं जोडली गेली. आणि हाताशी एक खटका. खटका पुढे असला तर ऑपरेटरला दोघांचं बोलणं ऐकू येणार, मागे घेतला तर ती दोघं एकटी. दोन्हीकडून 'हॅलो' आलं की जीजीचा खटका मागे. शेजारच्या बाया पुढे ठेवून हसत बसायच्या. सगळ्या गावाची लग्नं, भांडणं, लफडी त्यांना फुकटात. जीजी म्हणायची, मला पगार जोडायचा मिळतो, ऐकायचा नाही.

एका आडत्याने तिला साडी पाठवली होती. धामनोदच्या बाजारातून दुसऱ्या आडत्याला कुणाचे फोन येतात, एवढंच सांगायचं होतं. साडी चांगली होती म्हणे, माहेश्वरी. जीजीने त्याच्या दुकानात भर गर्दीत जाऊन ती गल्ल्यावर ठेवली आणि विचारलं, "माझा पगार सरकार देतं. ह्या साडीनंतर मी कुणाची नोकर?" आडत्या सगळ्यांसमोर हात जोडायला लागला. सहा महिन्यांत जीजीची बदली धारला झाली. तीन वर्षांनी परत आली, पण कधी कुरकुर ऐकली नाही.

'ह्याचा पगार कोण देतो?' हे तिचं वाक्य होतं. कोपऱ्यावर फुकट सरबत वाटत असले तरी विचारायची. पुढे घराघरात मोबाइल आले, फुकट मेल, फुकट नकाशे, फुकट फोटो ठेवायची जागा, तेव्हा तिने तेच विचारलं. उत्तर तिनेच शोधलं. निवृत्तीच्या आधी खात्याने तिला कॉम्प्युटर शिकवला होता, तेवढ्या बळावर सत्तरी ओलांडलेली ही बाई बसली आणि एकेक फुकटची गोष्ट सोडत गेली. मेलचे वर्षाचे पैसे भरायला लागली. फोटो ठेवायच्या जागेचे वेगळे. काही शोधायचं असलं तरी पैसेवालं घेतलं. कोपऱ्यावरचा किराणेवाला म्हणायचा, "जीजी तो चिठ्ठी के भी पैसे भरती है." ती म्हणायची, भरते, कारण मग तो माझा नोकर आहे, मी त्याचा माल नाही.

मोहल्ल्याला शहाणं करायला गेली आणि फजिती झाली. मंडळाचा फुकटवाला ग्रुप सोडायला लावून तिने सगळ्यांना दुसऱ्या, पैसे भरायच्या ग्रुपवर नेलं. पैसे तिनेच भरले. दोन दिवसांत एकेक करून सगळे मागच्या दाराने जुन्यावर परत. मीपण. महिनाभर जीजी त्या नव्या ग्रुपवर एकटी. रोज सकाळी 'नमस्कार' टाकायची, स्वतःलाच. शारदाला वाईट वाटलं, ती परत तिकडे गेली आणि उत्तर द्यायला लागली. मग दोघी तिकडे आणि मोहल्ला इकडे. मी चेष्टा केली तर जीजी म्हणाली, रिकाम्या बोर्डावरसुद्धा ड्यूटी असते, गणपतराव.

आता मुख्य गोष्ट.

आमच्या मुलाने पुण्याहून दोन मोबाइल पाठवले, एक मला, एक शारदाला. दोन्हीत अकाउंट एकच घातलं. घर एक, चूल एक, तर अकाउंट दोन कशाला, असं मीच त्याला सांगितलं होतं. त्यात काही वावगं आहे हे मला कळायचं कारण नव्हतं.

एका दुपारी जीजी चहाला आली होती. मी खुर्चीत मोबाइल घेऊन बसलो होतो. म्हटलं, "ह्याला काय झालंय कोण जाणे. चार दिवस झाले, गळ्याच्या गाठीचेच डॉक्टर दाखवतोय. इंदूरचा दवाखाना, मुंबईचा दवाखाना. अरे भिया, मी काय गाठ घेऊन बसलोय?" आणि हसलो.

शारदाची कपबशी हातातच राहिली. जीजीने एकदा तिच्याकडे पाहिलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. मला तरी कळलं नाही. जीजी उठून गेल्यावर शारदाने पदर बाजूला करून माझं बोट धरलं आणि गळ्याला लावलं.

महिनाभर तिला गाठ लागत होती. लगीनसराईचं काम अंगावर होतं, ते उरकलं की सांगू, म्हणून थांबली होती. दुपारी मी दुकानात असताना तिने मोबाइललाच विचारलं होतं. आणि त्याने मला सांगितलं. तेही चार दिवस.

दुसऱ्या दिवशी मी जीजीकडे गेलो. म्हटलं, तुम्हाला ठाऊक होतं का? नव्हतं म्हणाली. मग तिने मला ती गोष्ट सांगितली, जी तिने पंचेचाळीसेक वर्षं कुणाला सांगितली नव्हती.

नोकरीत एकदाच तिने खटका पुढे ठेवला होता. धारहून ट्रंक कॉल आला, आमच्या गलीतल्या किराणेवाल्याच्या नंबरावर. तेव्हा गलीत तेवढाच एक फोन. शारदाचं माहेर धारचं. ती तेव्हा नवीनच लग्न होऊन आलेली, आणि जीजीशी तिची मैत्री जमलेली. जीजीला राहवलं नाही, ऐकलं. शारदाचे वडील गेले होते. किराणेवाल्याने निरोप ऐकून घेतला, पण दुकानात गिऱ्हाईक होतं, लगेच सांगायला गेला नाही. इकडे जीजीची ड्यूटी संपली. चालत गलीत आली, तर शारदा नळावर पाणी भरत होती आणि कुणाची तरी नक्कल करून बायांना हसवत होती. जीजीला हाक मारली, म्हणाली, या, तुम्हीपण ऐका.

"तिचे वडील गेलेले मला ठाऊक आणि तिला नाही," जीजी म्हणाली. "मी हसले, गणपतराव. हसून पुढे गेले. त्यानंतर कुणाच्या दारात मी तोंड करून उभी राहिले नाही."

मग म्हणाली, "गाठीचं शारदेने सांगायचं होतं. तिच्या वेळेला. मध्ये तिसऱ्याने सांगितलं."

मी म्हटलं, आता काय करायचं. ती म्हणाली, शारदाला तिचं स्वतःचं काढून द्या. वेगळी मेल, वेगळी जागा. पैसे भरून. मला राग आला. दवाखान्याचा खर्च डोळ्यांसमोर, आणि ही बाई फुकट मिळतं ते सोडून पैसे भरायला सांगते. तसं बोललो.

"फुकट कुठे?" म्हणाली. "काल बिल आलं की तुमचं."

मी चपला घालून निघून आलो. माझ्याकडून तो विषय तिथे संपला.

इंदूरला ऑपरेशन झालं. गळ्याचं. शारदाचा आवाज गेला. डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं, तरी घरी आल्यावर समजलं की आवाज जातो म्हणजे काय. पाटीवर लिहून दाखवायची. सात-आठ महिने त्या घरात बोलणारा मी एकटा, आणि मला बोलायची सवय नाही. मग ती गेली.

गेल्यावर मी मोबाइलमध्ये तिचा आवाज शोधला. काही नव्हतं. आमची फोनवरची बोलणी म्हणजे 'येताना धने आणा' आणि 'हो'. ती कोण साठवतं? अठ्ठेचाळीस वर्षं बाई घरात बोलत होती आणि माझ्याकडे एक शब्द शिल्लक नाही. दुपारी दुकानातून येऊन मी नुसता पाटीकडे बघत बसायचो. शेवटचं तिने लिहिलं होतं, 'दूध उतू'. पुसलं नाही.

वर्षश्राद्ध झालं त्याच्या चौथ्या दिवशी दार दोनदा वाजलं. जीजी, पाठ करून. हातात तिचा छोटा कॉम्प्युटर. या म्हटल्यावर वळली, बसली आणि म्हणाली, "शारदेने तुमच्यासाठी एक पेटी ठेवली आहे."

ऑपरेशनच्या आधीचे आठ दिवस मी दुकानात असताना शारदा जीजीकडे जात होती. मी नाही म्हटल्यावर दोघींनी परस्पर ते केलं होतं. तिचं स्वतःचं अकाउंट, पैसे भरून. त्यात ती बोलून ठेवत होती. मी ओरडलो. एक वर्ष तुम्ही हे दाबून बसलात? मी इथे पाटी बघत बसलो होतो, दोन घरं सोडून तुम्ही, तुम्हाला दिसत नव्हतं? खूप बोललो. जीजीने बोलू दिलं.

"वर्षश्राद्ध झाल्यावर द्या म्हणाली होती. आधी दिलं तर हे ऐकत बसतील, दुकान उघडणार नाहीत, म्हणाली. तिने सांगितलेली वेळ होती. मला ती मोडायचा हक्क नव्हता."

"मग लावा आता."

"मला येत नाही. कुलूप आहे. शब्द तिने घातला तेव्हा मी बाहेर ओट्यावर होते."

मी म्हटलं, कंपनीला विचारा. तिने विचारलं. परदेशातली लहानशी कंपनी. दुसऱ्या दिवशी तिथल्या एका बाईचं उत्तर आलं. माणसाने लिहिलेलं, नीट. वाईट वाटलं म्हणे, पण पेटी आम्हालाही उघडता येत नाही, आम्ही ती तशीच बनवली आहे.

"मग पैसे कशाचे घेतात?" मी म्हटलं.

"ह्याचेच," जीजी म्हणाली.

शारदाने जीजीजवळ एक वाक्य ठेवलं होतं. शब्द कुठला असं त्यांनी विचारलं तर सांगा, 'तुम्ही दिलेलं नाही ते.' बस्स. आणि जीजीचा पुतण्या आठ दिवसांनी तिला धारला न्यायला येणार होता. डोळे अधू झाले होते, आता एकटं राहू देत नव्हते. ती गेल्यावर हे यंत्र मला कोण उघडून देणार होतं?

मी दिलेलं नाही ते. बसा आता शोधत. जीजी कॉम्प्युटर माझ्यापुढे ठेवायची आणि ओट्यावर जाऊन बसायची, मी एका बोटाने टाइप करायचो. काय काय केलं ते तिला माहीत नाही, तुम्हाला सांगतो. 'पाटल्या' टाइप केलं. मुलगा झाला तेव्हा कबूल केल्या होत्या. उघडलं नाही. 'शिलाई मशीन' केलं, तिला तिची वेगळी हवी होती. 'तुळजापूर' केलं. 'न्हाणीघर' केलं. तीन दिवस मी रोज बसून माझ्या बायकोला काय काय दिलं नाही त्याची उजळणी करत होतो. यादी संपेना आणि पेटी उघडेना.

चौथ्या दिवशी जीजी ओट्यावरून उठून आत आली.

"एक सांगू का? सांगावं की नाही, दोन दिवस विचार केला. मी ऐकलेलं आहे, म्हणून."

"सांगा."

"ते उघडताना फॉर्म होता. मी विचारलं, नाव काय लिहू? तर ती थांबली. आणि म्हणाली, कुठलं?"

तेव्हा मला समजलं. आमच्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरून नवऱ्याने त्यात नवं नाव लिहायचं. आईने सांगितलं म्हणून मी 'शारदा' लिहिलं होतं. आयुष्यात न मागता मी तिला दिलेली ती एकच वस्तू. म्हणजे मी दिलेलं नाही ते, आधीचं.

आणि मला ते आठवेना.

लग्नपत्रिकेत वाचलं असणार. पण धारला ती सगळ्यात मोठी, सगळे आक्का म्हणायचे. आईवडील लवकर गेले, भाऊही गेला. मी घरात तिला 'अगं' म्हणायचो. मुलाला फोन केला, त्याला शारदाच ठाऊक. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, बायकोचं नाव ठाऊक नाही. जीजीला सांगताना मी खाली बघत होतो. "धारला कुणी आहे का?" एवढं तिने विचारलं.

बसने धारला गेलो, शारदाच्या भावजयीकडे. तिने चहा ठेवला, मी विषय काढला, तर ती तोंडाला पदर लावून हसायला लागली. "भावोजी, मी वन्सं म्हणणार. नाव कशाला घेऊ त्यांचं?" मग हसू थांबलं तिचं. म्हणाली, "पण तुमच्याच घरात आहे की. आमच्या मामंजींनी लग्नात दिलेल्या भांड्यांवर घालून घेतलं होतं. नवं नाव तुम्ही मांडवात ठेवणार, आधी त्यांना कुठलं ठाऊक असणार? म्हणून आपल्या मुलीचंच घातलं."

चहा पिऊन परत फिरलो. इंदूरला बस बदलली तेवढीच.

पितळी पातेलं चुलीवरच होतं. शारदा गेल्यापासून मी रोज त्यात चहा करत होतो. घासताना बाहेरचं काळं मी काढत नाही, तिथेच चुकलं. चिंच आणि मीठ लावून घासलं, तर काठाखाली ठिपक्या-ठिपक्यांची अक्षरं उगवली. तिचं नाव, वडिलांचं नाव, धार. ते मी इथे लिहीत नाही. ते तिचं आहे.

जीजीला निरोप पाठवला. दार दोनदा वाजलं. मी 'या' म्हटलं. दुसऱ्या दिवशी पुतण्या यायचा होता, तिची बांधाबांध झाली होती. तिने यंत्र माझ्यापुढे लावून दिलं, आता ते तुमच्याकडेच राहू द्या म्हणाली, आवाज कुठून वाढवायचा ते दाखवलं. पातेलं तिथेच पालथं होतं, त्याच्याकडे तिने पाहिलं नाही. बाहेर ओट्यावर जाऊन गलीकडे तोंड करून बसली. मग कानातली ऐकायची मशीन काढली, रुमालात गुंडाळली आणि मांडीवर ठेवली. मशीनशिवाय तिला ढोल वाजलेलाही ऐकू येत नव्हता.

मी नुसतं नाव टाकलं. नाही उघडलं. मग पातेल्यावर होतं तसं सगळं टाकलं, वडिलांसकट, धारसकट.

शारदा बोलायला लागली.

काय बोलली ते कुणाला सांगणार नाही. पहिल्या वाक्यालाच मी मोठ्याने रडलो. कोपऱ्यावरचा किराणेवाला दुकानातून उठून उभा राहिला, गलीतल्या बाया दारात आल्या. सगळ्या गलीने ऐकलं. जीजीने नाही. दारातून तिची पाठ दिसत होती, पांढरा अंबाडा, वाकलेला खांदा, आणि ती जाणाऱ्या-येणाऱ्या सायकली बघत बसली होती. जमलेल्या लोकांना तिने हातानेच सांगितलं, जा, आपापल्या घरी जा.

पहिलं संपलं तेव्हा मी यंत्र बंद केलं. पुढचं पुढच्या दिवशी, असं शारदानेच सांगितलं होतं. मी तोंड धुतलं आणि बाहेर येऊन जीजीच्या खांद्याला हात लावला. तिने रुमाल सोडून मशीन कानात घातली, आणि समोर गलीकडेच बघत विचारलं,

"लागली लाईन?"

"लागली," मी म्हटलं.

जीजी गुडघ्यावर हात ठेवून उठली आणि मागे न बघता तिच्या घराकडे चालायला लागली.